पुढचे चाक आणि मागचे चाक : पूर्णाकाठाहून चिखलदऱ्याला

पोळा होऊन आठवडा उलटला होता. बैलांच्या शिंगांचा रंग अजून पुरता उतरला नव्हता. निंदण आटोपले होते, सोयाबीन सोंगायला अजून अवकाश होता. शेतकऱ्याला वर्षातून जे चार-सहा मोकळे दिवस सापडतात, ते हेच. नेमके तेच दिवस साधून पुतण्याने विषय काढला, "काका, चिखलदऱ्याले जाऊ ना सायकलनं."

पुतण्या अकोटच्या कॉलेजात शिकतो. जाण्यायेण्यासाठी त्याने अकोल्याहून जुनी सायकल विकत आणली होती. आपल्या वेळच्या काळ्या सायकलीसारखी ही नव्हे. जाड टायर, आडवा दांडा, पुढे-मागे दातेरी चकत्या आणि साखळी हलवणारे गिअर, अशी डोंगरी सायकल. माझी स्वतःची काळी सायकल तीस वर्षांची. तिला गिअर नाही, पण कॅरियरवर कपाशीचे बोंदरे बांधून ती बाजारापर्यंत बिनतक्रार जाते.

थोरले भाऊ गेल्यापासून या पोराची जबाबदारी माझ्यावर आहे. त्यामुळे वहिनीची परवानगी घेणे आले. वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "भाऊजी, पोट्टं तुमच्या भरवशावर धाडतो मी. सायकल मोडली तं मोडली, पोट्टं धड आनजा."

मी हो म्हटले. पण हा शब्द पाळण्याचा प्रश्न एका टायरवर येऊन ठेपेल, हे तेव्हा डोक्यातही नव्हते. तीच हकिकत वाचकांना सांगायची आहे. आज गावोगावी मुले-मुली सायकलने शाळा-कॉलेजात जातात, आणि टायर बदलताना आपल्यापैकी बहुतेकजण तीच चूक करतात, जी मी केली.

एकच नवा टायर

निघण्यापूर्वी सायकल तालुक्याच्या दुकानात दाखवली. मागच्या टायरला भेगा पडल्या होत्या, एके ठिकाणी आतले धागे दिसत होते. तो बदलणे भागच होते. पुढचाही गुळगुळीत झाला होता, पण फाटलेला नव्हता. खिशात एकाच टायरचे पैसे होते. दुकानदाराने विचारले, "मांगं टाकू ना?" मी म्हटले, "मांगंच टाका. वजन तिकडंच असते, पंक्चरही तेच होते, झिजतेही तेच."

हा हिशेब वरवर चोख वाटतो. सायकलवर बसलेल्या माणसाचा साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर पडतो हे खरे. पायडलचा जोर साखळीतून मागच्याच चाकाला मिळतो, म्हणून तोच टायर लवकर झिजतो हेही खरे. मग नवा टायर मागे टाकला यात चुकले कुठे? ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी, गाव सोडून अर्धा कोस गेल्यावर कळले.

आमचे गाव पूर्णेच्या काठी, अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी खारट, माती काळी आणि खोल. उन्हाळ्यात हिला एवढ्या भेगा पडतात की हातातली काठी आत जावी. पावसाळ्यात हीच माती फुगते, पाणी धरून ठेवते आणि पायाला, चाकाला, वखराच्या पाशीला चिकटून बसते. गावापासून डांबरी सडकेपर्यंत पांदण रस्ता आहे. रात्री सर येऊन गेली होती. वर नुसता ओलसर थर, खाली घट्ट माती. साबण लावलेल्या पाटासारखा रस्ता झाला होता.

पुतण्या पुढे, मी मागे. नाल्याच्या उताराशी त्याने हँडल जरा डावीकडे वळवले. हँडल वळले, पण सायकल वळली नाही. पुढचे चाक तसेच आडवे घसरत गेले आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पोरगा उजव्या अंगावर आपटला. कोपर सोलले, गुडघ्याला खरचटले. नशिबाने मऊ चिखल होता. तिथे दगड असता तर हा लेख लिहायला माझा हात धजला नसता.

"काय झालं रे?"

"काई समजलंच नाई काका. सायकल एकदमच खालून गेली."

मी पाहिले, मागच्या नव्या टायरची खूण चिखलात स्वच्छ उमटली होती, एकेक दाता मोजता येत होता. पुढच्या टायरची खूण म्हणजे नुसता लेप ओढल्यासारखा पट्टा. तरी माझ्या डोक्यात काही शिरले नाही. "चिखल हाये, सांभाळून चालव," एवढेच मी म्हणालो. पुढे चिखलाने माझ्या सायकलचे मडगार्ड गच्च भरले. काडीने चिखल काढायचा, चार पावले ढकलायची, पुन्हा काडी. शेवटी दोघांनीही सायकली खांद्यावर घेतल्या. आपल्याकडे पावसाळ्यात कधी सायकलवर माणूस असतो, तर कधी माणसावर सायकल.

अकोट, अंजनगाव, परतवाडा

डांबरी सडक लागली तसा जीवात जीव आला. अकोला ते अकोट ही सडक सुमारे ४५ किलोमीटरची, आणि गांधीग्रामला ती पूर्णा ओलांडते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी याच गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीत भरून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. हजारो माणसे रात्रभर पायी चालतात. त्या सडकेवरून जाताना दुतर्फा कपाशी, तूर आणि सोयाबीन.

डांबरावर दोन सायकलींतला फरक ऐकू येत होता. माझ्या काळ्या सायकलचे टायर अरुंद, हवा कडक, आवाज नाही. पुतण्याच्या मागच्या नव्या टायरचे मोठे दाते डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणत होते. गिअर असूनही त्याची दमछाक होत होती आणि मी, पन्नाशी ओलांडलेला, सहज पुढे जात होतो. कारण साधे आहे. मोठे दाते मऊ जमिनीत रुततात तेव्हाच त्यांचा उपयोग. डांबरात दाता रुतत नाही. उलट दात्यांचे नुसते शेंडे टेकतात, ते वाकतात, आणि आपली ताकद त्यांना वाकवण्यात खर्च होते.

अकोटहून अंजनगाव-सुर्जी. इथे केळीच्या बागा आणि पानमळे. अंजनगावचे पान पूर्वीपासून प्रसिद्ध. याच गावी ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. तो तह ज्या लढायांनंतर झाला, त्यांतली शेवटची आम्ही जाणार होतो त्या डोंगरावर झाली. ते पुढे येईलच. पुढे जसजसे परतवाडा जवळ येते तशा संत्र्याच्या बागा दिसू लागतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत उभी राहते.

अचलपूर आणि परतवाडा ही लागून असलेली गावे. पूर्वी मूर्तिजापूरहून शकुंतला नावाची छोटी रेल्वे अचलपूरला येत असे, आता ती थांबली आहे. माझी धाकटी बहीण अचलपूरला दिली आहे. मुक्काम तिच्याकडे होता. पण घरी जाण्याआधी मी पुतण्याची सायकल परतवाड्यात एका सायकल मिस्त्रीकडे दाखवायला नेली. पडल्यापासून तिचे हँडल तिरपे झाले होते.

चाचांनी विचारलेला प्रश्न

मिस्त्री वयस्कर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी पुढचे चाक दोन पायांत धरून हँडल सरळ केले. मग टायरवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिले.

"काकाजी, नवा टायर मांगं कोनं टाकला?"

"मीच टाकाले लावला. वजन मांगंच असते ना, चाचा?"

"वजन मांगं असते, खरं हाये. पन सायकल वळवते कोन? समोरचं चाक. बिरेक मारला तं सारा भार जाते कुठं? समोर. मांगचं चाक घसरलं तं सायकल शेपूट हालवते, मानूस सावरते. समोरचं घसरलं तं सांगाले टाइमच नाई भेटत. पोट्टं इथंच पडलं ना?" आणि त्यांनी पुतण्याच्या कोपराकडे बोट दाखवले.

मी गप्प झालो. चाचा पुढे म्हणाले, "थो पाहा ट्रॅक्टर. त्याचे समोरचे अन् मांगचे टायर एकासारखे हायेत का?"

रस्त्यापलीकडे ट्रॅक्टर उभा होता. आपण शेतकरी रोज तो पाहतो, पण असा कधी पाहिला नव्हता. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला तिरपे, जाड, उंच दाते असतात. ते मातीत पंजा रोवतात आणि ट्रॅक्टर पुढे लोटतात. त्यांचे काम ओढण्याचे. पुढच्या टायरला मात्र गोलाकार फिरणाऱ्या दोन-तीन धारा असतात. त्या लोटत नाहीत. त्या जमिनीत रेघ धरतात, म्हणजे चाक आडवे सरकत नाही आणि स्टेअरिंग फिरवले तिकडेच ट्रॅक्टर जातो. त्यांचे काम दिशा देण्याचे. जोत्याला उजवा कोणता आणि डावा कोणता हे आपण बैलाचा स्वभाव पाहून ठरवतो. टायरचेही तसेच.

सायकलला हे दुप्पट लागू पडते, कारण ट्रॅक्टर चार चाकांवर उभा असतो आणि सायकल दोनच चाकांवर तोल धरून चालते. लहानपणी सायकल शिकताना आपल्याला काय सांगितले होते? डावीकडे पडायला लागलास तर हँडल डावीकडेच वळव. म्हणजे पुढचे चाक पडणाऱ्या अंगाखाली आणून आपण तोल सावरतो. दर क्षणाला हे चालू असते, फक्त आपल्याला जाणवत नाही. मागचे चाक घसरले तरी पुढचे चाक हे काम करत राहते. पण पुढचेच चाक घसरले, की तोल सावरणारा हातच तुटतो. पांदणीतल्या चिखलात तेच झाले होते.

चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पुढचा गुळगुळीत टायर मधोमध सपाट झाला होता, कडेचे दाते मात्र शाबूत होते. "असा झिजते थो मांगचा टायर. जुन्या मालकानं मांगचा झिजला तं काढून समोर टाकला अन् समोरचा मांगं. फाटला नाई म्हनून चालवला." म्हणजे जुन्या मालकाने एक चूक केली आणि मी तिच्यावर दुसरी चढवली.

त्यांनी दोन्ही चाके काढली. नवा टायर पुढे चढवला, गुळगुळीत टायर आतून-बाहेरून तपासून, धागा उघडा नाही अशी खात्री करून मागे बसवला. टायरच्या बाजूवर बाण असतो, चाक त्या दिशेने फिरले पाहिजे. काही टायरांवर पुढच्यासाठी एक बाण आणि मागच्यासाठी उलटा बाण असे दोन असतात, कारण एकाला धरायचे असते आणि दुसऱ्याला लोटायचे. हे सर्व अर्ध्या तासात झाले. हात पुसत चाचा म्हणाले, "घाटात जाशीन तं हळू जाजो, बाबू. मांगचा टायर अजून टकलाच हाये."

डोंगरी टायर आला कुठून

रात्री बहिणीकडे जेवताना भाच्याने विचारले, "मामा, आपल्या काळ्या सायकलले असा टायर काहून नसते?" जे वाचले-ऐकले होते ते सांगितले, ते वाचकांसाठीही इथे देतो.

हवेचा टायर १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी केला. ते जनावरांचे डॉक्टर होते आणि मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली. त्याआधी सायकलची चाके म्हणजे आपल्या बंडीच्या लोखंडी धावेसारखी किंवा भरीव रबराची. आपली काळी सायकल इंग्रजी घडणीची. तिचा टायर २८ × १½ मापाचा, अरुंद आणि उंच. ती सडकेवर ओझे नेण्यासाठी केलेली.

डोंगरी सायकल पुष्कळ नंतरची. १९७० नंतर अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून मातीच्या वाटेने खाली येत. १९७६ पासून त्यांनी तिथे शर्यती लावल्या. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी नव्याने भरावे लागे. त्या जुन्या सायकलींची चाके २६ इंची होती, म्हणून डोंगरी सायकलला बराच काळ २६ इंचच राहिला. आता २७.५ आणि २९ इंचही मिळतात. आणि पुढच्या चाकाला धरणारा टायर व मागच्याला लोटणारा टायर असे वेगवेगळे टायर करण्याची चालही याच सायकलींत रुळली.

घाट चढताना

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. माझी काळी सायकल बहिणीच्या ओसरीत ठेवली. पुतण्या सायकलवर, आणि मी भाच्याच्या मोटारसायकलवर त्याच्या मागोमाग. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर. पायथ्यापासून वर चढायचे ते साडेसातशे मीटर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर आहे.

घाट सुरू होण्यापूर्वी पुतण्याने दोन्ही चाकांची हवा थोडी कमी केली. भाचा हसला, "हवा कमी करते का कोनी?" पण त्यात अर्थ आहे. कडक टायर खडीवर उडतो आणि थोडकीच जागा टेकतो. हवा किंचित कमी असली की टायर जमिनीला बसतो आणि धरतो. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून मागे थोडी जास्त हवा आणि पुढे थोडी कमी, हा नेम. मात्र फार कमी केली तर दगडावर आदळून रिम ट्यूबला चावते आणि एकदम दोन भोके पडतात.

चढावर मागच्या टायरचा टकलेपणा जाणवला. पुतण्या उभा राहून पायडल मारू लागला की मागचे चाक ओल्या डांबरावर जागच्या जागी फिरे. उभे राहिले की वजन पुढे जाते आणि मागचे चाक हलके होते. तो खाली बसला, गिअर हलका केला, आणि चाक पुन्हा धरू लागले.

वर जाताना साग संपून धुके लागले. मोथा गाव मागे पडले. हा सारा मेळघाट. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. रस्त्याच्या कडेला कोरकू बाया डोक्यावर मोळ्या घेऊन चालल्या होत्या. त्या ओल्या उतारावर अनवाणी, बोटे रोवून चालत होत्या आणि एकीचाही पाय घसरत नव्हता.

चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले आणि भीमकुंडात हात धुतले, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा, अशी कथा सांगतात. १८२३ साली हैदराबाद फौजेतल्या रॉबिन्सन नावाच्या कप्तानाने ही जागा इंग्रजांच्या नजरेस आणली. इथे कॉफीची झाडे आहेत, जी महाराष्ट्रात क्वचितच पाहायला मिळतात.

गाविलगडाचा दरवाजा धुक्यातून दिसला तेव्हा आम्ही तिघेही थबकलो. १५ डिसेंबर १८०३ रोजी हा किल्ला इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतला. त्यापूर्वी ७ ते १२ डिसेंबर असे पाच-सहा दिवस कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, डोंगरातून फिरून जड तोफा किल्ल्याच्या उत्तर अंगाला आणल्या. वाट आधी स्वतः फोडायची आणि मग तोफा हातांनी ओढायच्या. चाके होती, पण त्या वाटेवर चाकांचा भरवसा नव्हता, माणसांनीच ओढून नेल्या. मी पुतण्याला म्हटले, "तुले तं गिअर हाये, बाबू."

घाट उतरताना

दुपारी परत फिरलो. पाऊस थांबला होता, पण सडक ओली आणि वळणावळणावर पाण्याने वाहून आणलेली बारीक खडी साचलेली. मी त्याला बजावले होते की वळणाच्या आत ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधीच वेग कमी करायचा. तो तसेच करत होता. आम्ही वीस हात मागे होतो.

एका डाव्या वळणावर समोरून अचानक जीप आली. पुतण्याने दोन्ही ब्रेक दाबले. मला मागून स्पष्ट दिसले, मागचे चाक खडीवरून उजवीकडे सरकले, पार हातभर. सायकल आडवी होते की काय असे वाटले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. डोळ्यांपुढे वहिनी आल्या. पण पुढचे चाक जागेवरून हलले नाही. हँडल त्याच्या हातात होते. त्याने डावा पाय टेकवला, सायकल एकदा डुलली आणि सरळ झाली. जीप निघून गेली. पलीकडे कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसते धुके.

तो थांबला. आम्हीही थांबलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तोच म्हणाला, "शेपूट हाललं, काका."

आदल्या दिवशी टायर जसे होते तसेच घेऊन आम्ही घाटात आलो असतो, तर त्या वळणावर पुढचे चाक घसरले असते. त्यापुढचे मी लिहीत नाही.

परतवाड्याला उतरल्यावर पहिले काम केले ते बहिणीकडून उसने पैसे घेऊन आणखी एक नवा टायर घेण्याचे. चाचांनी तो पुढे बसवला, पुढचा मागे टाकला आणि टकला टायर बाजूला ठेवला. तो आता आमच्या गोठ्याच्या दाराला बिजागरी म्हणून कामी आला आहे.

टायर घेताना ध्यानात ठेवा

शेतकरी बंधू-भगिनींनो, या प्रवासात जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, एकच टायर घ्यायचा असेल तर नवा पुढे टाका, पुढचा चांगला मागे टाका आणि मागचा झिजलेला काढून टाका. झिजलेला टायर पुढे कधीही टाकू नका.

दुसरी, दोन वेगळे टायर घेणे जमत असेल तर पुढे कडेला ठसठशीत दाते असलेला आणि थोडा रुंद टायर घ्या. मागे आडवे दाते असलेला, पण जरा हलका फिरणारा घ्या. मापाने दोन्ही रिमला आणि चिमट्याला बसले पाहिजेत. टायर आणि चिमटा यांत बोटभर जागा हवी, नाहीतर आपल्या काळ्या मातीत चाक जाम होते.

तिसरी, रस्ता पाहून टायर घ्या. रोज डांबरी सडकेनेच जायचे असेल तर मोठे दाते घेऊ नका. मधोमध सलग पट्टा आणि कडेला लहान दाते असलेला टायर सडकेवरही पळतो आणि मुरमाच्या वाटेवरही धरतो. पांदण रस्त्याने जाणे असेल तर दाते एकमेकांपासून दूर असावेत, म्हणजे चिखल झडून पडतो. ओल्या काळ्या मातीत मात्र कोणताही टायर चालत नाही. तिथे खांदा चालतो.

चौथी, माप नीट वाचा. नुसते "२६ चा द्या" म्हणू नका. डोंगरी सायकलचा २६ × १.९५ आणि सडपातळ चाकाच्या सायकलचा २६ × १⅜ या दोघांवर २६ लिहिलेले असते, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या बाजूवर ५०-५५९ असा बारीक आकडा असतो. यातला पहिला रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. डोंगरी २६ चा दुसरा आकडा ५५९, सडपातळ २६ चा ५९० आणि आपल्या २८ च्या काळ्या सायकलचा ६३५. दुसरा आकडा जुळला की टायर बसलाच समजा.

पाचवी, हवा. कमाल किती भरायची ते टायरवर लिहिलेले असते, त्याच्या वर जाऊ नका. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला २६ × १.९५ च्या टायरमध्ये सडकेसाठी मागे ४५ आणि पुढे ४० पौंडांच्या आसपास हवा पुरते. खडीच्या वाटेला दोन्हीकडे पाच-सात पौंड कमी करा. उन्हाळ्यात हवा ठासून भरलेली सायकल उन्हात ठेवू नका.

सहावी, काटे. बाभळीच्या कुंपणाच्या फांद्या तोडल्या की वाट काट्यांनी भरते, शिवाय सराटे असतातच. पंक्चर काढल्यावर ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवा. काटा असेल तर ते त्याला अडकेल. काटा तसाच राहिला तर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. पोराच्या कोपरावरची खपली त्यांना पहिल्यांदा दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले, नवा टायर मागे टाकला ती माझी चूकही सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. मग ओसरीच्या कोपऱ्यात उभी असलेली धाकट्या पुतणीची शाळेची सायकल ओढून माझ्यापुढे आणली आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता हिचं समोरचं चाक पाहून द्या."

मी अंगठा फिरवला. टायर गुळगुळीत होता.

आज संध्याकाळी गुरांना चारा टाकून झाला की आपल्याही घरच्या सायकलच्या पुढच्या टायरवरून एकदा अंगठा फिरवून पाहा.